तार पुन्हा टोचते, ब्रॅकेट पुन्हा निघतो: मुलांच्या ब्रेसेसच्या नेहमीच्या तक्रारी, त्यांची कारणं आणि खर्च

दातांना तार लावली की पहिल्या काही महिन्यांत घरात एक चक्र सुरू होतं. तार बदलून आणली की दोन-तीन दिवस मूल नीट जेवत नाही. ते निवळतं तोच गालाला आतून काहीतरी टोचायला लागतं. टोचणारं टोक कापून आणावं, तर पंधरा दिवसांत एखादा ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) निघून तारेवर गरगर फिरत असतो. प्रत्येक वेळी दवाखान्याची जादा खेप होते, शाळा बुडते, कुणाची तरी अर्धी रजा जाते आणि शेवटी "तुला नीट खाता येत नाही का" ही बोलणी मुलाला बसतात.

ती बसू नयेत. एकदा झालं तर योगायोग म्हणता येईल. तीच तक्रार त्याच जागी दुसऱ्यांदा आली, तर तिथे काहीतरी कारण आहे आणि ते शोधता येतं. अडचण अशी, की दवाखान्यात आपण "परत निघाला" एवढंच सांगतो, डॉक्टर परत चिकटवून देतात आणि कारण जागच्या जागी राहतं. म्हणून सगळ्यात आधी मुलाच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखा: तारीख, कोणता दात, काय झालं, त्याआधी काय खाल्लं किंवा केलं. दात सांगण्याची सोपी रीत म्हणजे वरचा की खालचा, डावा की उजवा (मुलाचा डावा-उजवा, तुमचा नव्हे) आणि समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत कितवा. "खालचा डावा पाचवा, १२ तारखेला, भाकरी खाताना" एवढं वाचून दाखवलंत तर डॉक्टर त्या दाताकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

तार घट्ट केल्यावरचं दुखणं

दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. तारेच्या दाबानं तो एका बाजूला चेपतो, तिथे सूज आणणारी द्रव्यं तयार होतात आणि दात चावताना ठणकतो. त्यामुळे दुखणं खुर्चीतून उठल्याबरोबर येत नाही. साधारण चार तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि तीन ते सात दिवसांत जातं. हे वेळापत्रक माहीत असलं की अपॉइंटमेंट कधीची घ्यायची ते ठरवता येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, लग्नाच्या आदल्या दिवशीही नको. शुक्रवारी संध्याकाळची मिळाली तर सगळ्यात वाईट दिवस शनिवारी घरी जातो.

सुरुवातीच्या बहुतेक तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्यांतल्या तोंडाच्या उष्णतेवर चालणाऱ्या तारा गार झाल्या की मऊ पडतात आणि दातावरचा दाब तेवढ्यापुरता उतरतो. म्हणून फ्रीजमधल्या पाण्याचे घोट तोंडात धरले की मुलाला लगेच हलकं वाटतं. गार ताक, गार दही, फ्रीजमधली लापशी हे सगळं चालतं. बर्फ चोखायला देऊ नका. मूल तो हमखास चावतं, आणि ब्रॅकेट निघण्याच्या कारणांत बर्फ फार वर आहे.

औषध लागलंच तर पॅरासिटामॉल. मात्रा वयावर नाही, वजनावर काढायची: एका वेळेला दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त ४ डोस. ३० किलोच्या मुलाला एका वेळी ३०० ते ४५० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर "५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर ते ६ ते ९ मिली झालं. १२० मिलिग्रॅमचं सिरपही मिळतं, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय मिली ठरवू नका. सर्दीच्या औषधातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम देऊ नका. यकृताचा काही त्रास असेल तर आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा. पहिला डोस घरी आल्यावर, ठणका चढायच्या आत दिलेला बरा. आयबुप्रोफेनपेक्षा पॅरासिटामॉल बरं म्हणतात, कारण दात सरकायला लागणारी द्रव्यंच आयबुप्रोफेन कमी करतं. एखाद-दुसऱ्या गोळीनं काही बिघडत नाही, पण सवय नको. आणि अंगात ताप असेल तर तो तारेमुळे आलेला नाही. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊच नका.

पहिल्या तीन दिवसांचं जेवण आपल्याकडे अवघड नाही. मुगाची मऊ खिचडी, पिठलं-भात, शिरा, उपमा, सांबारात भिजलेली इडली, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली पोळी. भाकरी द्यायची तर ताजी, वरचा पापुद्रा काढून, वरणात कुस्करून. रोजच्या पोळीचं मात्र एक ध्यानात ठेवा: पोळीचा तुकडा समोरच्या दातांनी ओढून तोडायची सवय बऱ्याच मुलांना असते. तार आहे तोवर ती मोडायची. हातानं लहान तुकडा, थेट दाढेखाली.

सात दिवसांनंतरही दुखत असेल, किंवा सगळे दात सोडून एकच दात गार-गरमला झिणझिणत असेल, तर वाट न बघता फोन करा.

गालाला टोचतंय, पण नक्की काय?

इथे थोडा वेळ द्या. टोचणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात आणि तिघांचा उपाय वेगळा. मुलाला खिडकीजवळ बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा, चमच्याच्या दांड्यानं गाल बाहेर ओढा आणि बघा.

पहिला प्रकार म्हणजे मुख्य तारेचं मागचं टोक, शेवटच्या दाढेवर बसवलेल्या बारीक नळीतून बाहेर आलेलं. बोट फिरवलं तर दाढेच्या मागे सुईसारखं लागतं, आणि समोर गालावर पांढरी रेघ किंवा फोड दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे ब्रॅकेटला तार बांधायला वापरलेली अगदी बारीक तार. तिचं पिळलेलं टोक, शेपटीसारखं, आत वळवून ठेवलेलं असतं. ब्रश करताना ते बाहेर येतं. कापूस गुंडाळलेल्या काडीनं किंवा पेन्सिलीच्या धुतलेल्या खोडरबरानं ते हळूच परत तारेखाली दाबलं की काम झालं. तिसरा प्रकार म्हणजे काहीच बाहेर आलेलं नसतं, फक्त ब्रॅकेटचा किंवा त्यावरच्या हुकाचा कंगोरा गालावर घासत असतो. पहिल्या महिन्यात हेच जास्त होतं आणि तीन-चार आठवड्यांत गालाची आतली त्वचा सरावते.

तिन्हींवर तात्पुरता उपाय मेणाचा, पण मेण टिकत नाही ही तक्रार घरोघरी असते. ते टिकत नाही, कारण ओल्या धातूवर लावलेलं असतं. हात धुवा. मुलाला ब्रश करायला लावा. त्या जागेवर कापसाचा बोळा अर्धा मिनिट धरून ब्रॅकेट पूर्ण कोरडा करा. मटाराच्या दाण्याएवढं मेण बोटांत दहा-पंधरा सेकंद मळून गोळी करा, ती टोकावर दाबा आणि वरच्या-खालच्या कडांनी तारेखाली थोडी सरकवा, म्हणजे तिला पकड येते. नुसतं वर चिकटवलेलं मेण पहिल्या घासाला निघतं. जेवताना काढायचं, जेवून ब्रश झाला की नवं लावायचं. झोपेत गिळलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही. मेण घरात नसेल तर तेवढ्यापुरता स्वच्छ ओल्या कापसाचा छोटा बोळा गाल आणि तार यांच्यामध्ये ठेवता येतो, पण झोपताना तो काढून घ्या.

गालाला फोड आला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. तोंडाच्या फोडांसाठी दुकानात मिळणाऱ्या काही जेलमध्ये कोलिन सॅलिसिलेट असतं. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं. ब्रिटनमध्ये २००९ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असा सल्ला आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा आणि घटकांत हे नाव दिसलं तर बाजूला ठेवा. मूळ टोचणं थांबलं की फोड साधारण आठ-दहा दिवसांत आपोआप भरतो.

आता मूळ प्रश्न: मागचं टोक कापून आणलं तरी परत का येतं? कारणं तीन.

दात वेडेवाकडे असताना तार नागमोडी वाटेनं गेलेली असते. दात रांगेत येतात तशी ती वाट सरळ होते, लांबी उरते आणि उरलेली तार मागच्या नळीतून बाहेर पडते. म्हणजे पहिल्या तीन-चार महिन्यांत टोक बाहेर येणं हे दात हलत असल्याचं लक्षण आहे. फट बंद करण्याच्या टप्प्यातही असंच होतं. दुसरं कारण म्हणजे तार एका बाजूला सरकणं. सुरुवातीची गोल तार गुळगुळीत असते. मूल एकाच बाजूनं चावत असेल तर ती हळूहळू सरकते, एका बाजूला टोचते आणि दुसऱ्या बाजूला नळीतून निसटते. म्हणून डावीकडे टोचत असेल तेव्हा उजवीकडचं टोक जागेवर आहे का, तेही बघा. निसटलेलं असेल तर सांगताना दोन्ही गोष्टी सांगा. तिसरं कारण म्हणजे टोक वाकवलेलंच नाही. निकेल-टायटॅनियमची तार लवचीक, वाकवली तरी परत सरळ होते. तिचं टोक वाकवायचं तर आधी तापवून मऊ करावं लागतं. घाईत ते राहून जातं.

म्हणून दुसऱ्यांदा टोचलं की "कापून द्या" म्हणण्याऐवजी असं विचारा: "तार सरकू नये म्हणून मध्ये स्टॉप लावता येईल का? किंवा टोक मागे वाकवता येईल का?" स्टॉप म्हणजे तारेवर चिमटून बसवायची इवलीशी नळी. सरकणाऱ्या तारेवर तिच्याइतका स्वस्त इलाज दुसरा नाही. काही टप्प्यांत डॉक्टर मुद्दाम टोक मोकळं ठेवतात, तसं असेल तर ते सांगतील.

घरी तार कापणं हा शेवटचा उपाय. दवाखाना बंद आहे, दोन दिवस सुट्टी आहे, मेण टिकत नाही, तेव्हाच, आणि शक्यतो डॉक्टरांना फोनवर विचारून. दाताच्या मागे आधी कापसाची किंवा गॉजची घडी ठेवा, म्हणजे कापलेला तुकडा घशात जाणार नाही. मुलाला आडवं झोपवू नका, बसवून डोकं पुढे झुकवा. नेलकटर उकळत्या पाण्यातून काढून, पुसून वापरा. बारीक गोल तार तुटते. चौकोनी जाड स्टीलची तार नेलकटरनं तुटत नाही आणि जोर लावला तर अख्खी दाढेची नळी निघते, तेव्हा तिथे हात लावू नका.

ब्रॅकेट निघतो

निघालेला ब्रॅकेट बहुधा तारेलाच अडकून राहतो. ओढून काढू नका. कोरडा करून मेणानं तारेला स्थिर करा आणि फोन करा. पूर्ण बाहेर आला असेल तर एका डबीत ठेवून सोबत न्या. प्रत्येक ब्रॅकेट त्या-त्या दातासाठी वेगळ्या कोनात घडवलेला असतो, शेजारच्याचा इकडे चालत नाही. फेविक्विकसारख्या गोंदानं घरी चिकटवायचा प्रयत्न कुणीही करू नये. तो गोंद तोंडासाठी नसतो, जागा चुकते आणि नंतर तो खरवडताना दाताचं वरचं कवच दुखावतं.

फोन करण्याचं आणखी एक कारण: परत चिकटवायला पंधरा-वीस मिनिटं जादा लागतात. न सांगता ठरलेल्या वेळेला गेलात तर "आज वेळ नाही, परत या" हे ऐकावं लागतं आणि एक खेप वाढते. फोटो पाठवायचा असेल तर दोन चमच्यांनी दोन्ही गाल ओढून, खिडकीच्या उजेडात, एक समोरून आणि एक त्या बाजूनं काढा.

कारण शोधताना वहीतल्या तारखा उपयोगी पडतात. लावल्यापासून दोन-चार दिवसांत निघाला तर चिकटवण्यातच काही राहिलं असण्याची शक्यता जास्त. ब्रॅकेट लावताना दातावर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ ते ३० सेकंद लावतात, धुतात आणि दात खडूसारखा पांढुरका दिसेपर्यंत सुकवतात. मग चिकटद्रव्य लावून निळ्या प्रकाशानं घट्ट करतात. त्या वेळेत लाळेचा एक थेंब आला तरी पकड जाते. मागच्या दाढा, खालचे चौथे-पाचवे दात यांना म्हणूनच जास्त त्रास होतो. एक बारकावा घरीही बघता येतो. निघालेल्या जागी नख फिरवा. दात गुळगुळीत लागला आणि सगळा गोंद ब्रॅकेटच्या पाठीला दिसला, तर दातानं पकड घेतलेली नाही. गोंदाचा खरखरीत थर दातावरच असेल तर ब्रॅकेट बाहेरच्या जोरानं उखडला असण्याचा संभव जास्त. हा काही पक्का पुरावा नाही, पण दिशा मिळते, आणि डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. अशा दाताचं कवच ॲसिडला दाद देत नाही, त्यामुळे ब्रॅकेट वारंवार निघतात. गाव बदललं असेल तर ही माहिती डॉक्टरांना आपणहून द्या. ते ॲसिडची वेळ वाढवू शकतात किंवा वेगळं चिकटद्रव्य वापरू शकतात.

समोरच्या खालच्या दातांचे ब्रॅकेट परत परत निघत असतील तर मुलाला मागच्या दाढा घट्ट मिटायला सांगा आणि टॉर्चनं बघा. वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटताना दिसतात का? दिसत असतील तर मुलानं दूधभात खाल्ला तरी ब्रॅकेट निघणारच. यावर मागच्या दाढांवर किंवा वरच्या दातांच्या मागे छोटे उंचवटे लावतात, म्हणजे समोरचे दात एकमेकांवर आदळत नाहीत. ते लावल्यावर आठ-पंधरा दिवस मुलाला "तोंड मिटतच नाही" असं वाटतं, चावायला त्रास होतो. ते अपेक्षितच आहे, उंचवटे खरवडून काढायला लावू नका.

उरलेली कारणं खाण्यातली आणि सवयीची. पेनाचं टोपण चावणं, नखं कुरतडणं, शीतपेयाच्या बाटलीचं झाकण दातानं उघडणं. खाण्यात फक्त कडकपणा बघून भागत नाही, चिकटपणाही तेवढाच घातक. कडक वस्तू ब्रॅकेट एका झटक्यात तोडते. चिकट वस्तू रोज थोडा थोडा ओढते आणि मग एक दिवस वरणभात खातानाच तो निघतो, त्यामुळे दोष भलत्याच जेवणावर येतो.

सणवार धरून सांगायचं तर संक्रांतीला कडक तिळाची वडी, चिक्की, काटेरी हलवा बंद. त्याऐवजी मऊ गुळाची पोळी, तुकडे करून. दिवाळीत चकली, कडबोळी आणि कडक शंकरपाळे नकोत. बेसनाचा, रव्याचा लाडू चालतो, डिंकाचा नको. चिवडा पातळ पोह्यांचा, शेंगदाणे आणि डाळं वगळून. गणपतीत उकडीचे मोदक खुशाल, खिरापतीतल्या खोबऱ्याचे मोठे तुकडे आणि खडीसाखर नको. उन्हाळ्यात आंब्याची कोय चोखायची नाही, फोडी करून चमच्यानं. ऊस दातानं सोलायचा प्रश्नच नाही. मक्याचे दाणे सोडवून उकडून. पेरू बियांसकट चावला की बी ब्रॅकेटच्या फटीत बसते. बिया काढून दिला तर हरकत नाही. सफरचंद आणि गाजर पातळ चकत्या करून.

रबर, हळद आणि पिवळे दात

ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी इवली रबरी रिंग आपल्या जेवणात दोन दिवसांत पिवळी होते. पारदर्शक आणि पांढऱ्या रंगावर हळद लगेच चढते, ती ब्रशनं जात नाही आणि मुलाला वर्गात चिडवतात. रंग निवडताना राखाडी, गडद निळा किंवा गडद हिरवा घ्या. पारदर्शक हवेच असतील तर पुढच्या भेटीपर्यंत पिवळे राहणार, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा. रिंगा दर भेटीत बदलतात, त्यामुळे हा डाग कायमचा नाही.

वरच्या-खालच्या दातांना जोडून मुलानं स्वतः लावायची इलॅस्टिक हा वेगळा प्रकार. दात रांगेत आल्यावरही उपचार लांबतो, तो बहुतेक वेळा इलॅस्टिक नियमित न लावल्यामुळे. डॉक्टरांनी पूर्ण वेळ सांगितलं असेल तर दिवसातले २० ते २२ तास, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायची. रबराची ताकद तोंडातल्या ओलाव्यात पहिल्या काही तासांतच घटते, म्हणून तुटली नसली तरी बदलायची. चार तास लावून उरलेली भरपाई म्हणून एकावर एक दोन लावणं चुकीचं. दाब दुप्पट होतो, दात दुखतो आणि मूल दुसऱ्या दिवशी एकही लावत नाही.

हिशोब आधीच करा. दोन बाजूंना एक-एक, दिवसातून दोनदा बदल, म्हणजे रोज ४. शंभरचं पाकीट २५ दिवसांत संपतं आणि पुढची भेट पाच-सहा आठवड्यांनी असते. निघतानाच दोन पाकिटं मागून घ्या. पाकिटावर व्यास आणि औंसांत ताकद लिहिलेली असते, काही कंपन्या प्राण्याचं चित्रही छापतात. संपली म्हणून दुकानातून आणायची वेळ आली तर तेच आकडे बघून आणा. चार-पाच इलॅस्टिक कंपासपेटीत एका छोट्या पिशवीत ठेवा, शाळेत तुटली की लावता येतात. दोन दातांमधली फट मिटवायला कुणी नुसतं रबर दातांभोवती घालायला सांगितलं तर ऐकू नका. ते हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं आणि हाड खात जातं.

ब्रश: इथे वाचवलेले पैसे पुढे जातात

तारेखाली साचलेलं कीट रोजच्या रोज निघालं नाही तर महिन्याभरात ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. ब्रेसेस काढल्यावर चौकोनी ब्रॅकेटची जागा सोडून भोवती पांढरी चौकट दिसते, आणि ती पूर्ण जातेच असं नाही. त्यामुळे रात्रीचा ब्रश मुलावर सोडून देऊ नका, निदान दहा-अकरा वर्षांचं होईपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवावा.

मधोमध खाच असलेला ऑर्थो ब्रश, त्यावर फ्लोराइडची पेस्ट. आधी ब्रॅकेटच्या वरच्या कडेला ब्रश खाली तिरका, मग खालच्या कडेला वर तिरका, मग चावायची बाजू, मग आतली बाजू. चार मिनिटं तरी लागतात. नंतर तारेखालून बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश, प्रत्येक दोन ब्रॅकेटमध्ये, एकदा वरून आणि एकदा खालून. दुपारी शाळेत ब्रश जमत नसेल तर डबा खाल्ल्यावर पाण्याच्या चार जोरदार चुळा. पुन्हा पुन्हा बजावायचं ते एवढंच, की रात्रीचा ब्रश झाल्यावर दूध नको.

पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र चांगलं आहे, पण ते ब्रशच्या जागी नाही. बजेट बेताचं असेल तर ते पैसे इंटरडेंटल ब्रशवर घालवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश हिरड्या सुजल्यावर डॉक्टरांनी सांगितला तर दोन आठवडे, त्याहून जास्त वापरला की दात तपकिरी होतात. दाढेभोवती बसवलेली धातूची कडी सैल झाली असेल, चावताना हलत असेल किंवा तिथून वास येत असेल, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. सैल कडीखाली अन्न जातं आणि दाढ आतून किडते.

खर्च नेमका कुठे जातो

मेण, ब्रश यांचा खर्च डोळ्यात भरतो, पण तो लहान आहे. पहिल्या दोन महिन्यांत मेणाची महिन्याला एक डबी, मग पाच-सहा महिन्यांना एक. ऑर्थो ब्रश दर दोन महिन्यांनी, म्हणजे दोन वर्षांत १२. इंटरडेंटल ब्रश आठ-दहा दिवसांत वाकतो, महिन्याला तीन-चार. दर वेळी एकेक आणण्यापेक्षा सहा महिन्यांचे एकदम आणा.

मोठा खर्च खेपांचा. २४ महिन्यांचा उपचार, दर पाच आठवड्यांनी भेट, म्हणजे सुमारे २१ खेपा. दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च २०० रुपये आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी किंवा रजा ५०० धरली तर खेपेला ७००, म्हणजे १४,७०० रुपये. ब्रॅकेट फुकट चिकटवून मिळाला तरी ती खेप ७०० ची झालीच. शिवाय ब्रॅकेट निघालेला दात तेवढे दिवस जागेवर राहतो किंवा मागे जातो आणि उपचार लांबतो. एसटीनं जाणाऱ्यांनी सवलतींचा विचार करून सोबत कोण जाईल ते ठरवावं: १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं आहेच, आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीट नाही. आजी सोबत गेली तर आई-बाबांची रजाही वाचते. फक्त वही आजीकडे द्या.

सुरू करण्याआधी अंदाजपत्रक कागदावर घ्या आणि त्यात काय धरलंय ते ओळीओळीनं विचारा: एक्स-रे, दात काढावे लागले तर त्याचे पैसे, निघालेला ब्रॅकेट किती वेळा मोफत, हरवलेल्या ब्रॅकेटचे किती, गाव बदललं तर उरलेल्या पैशांचं काय, आणि शेवटचे रिटेनर (तार निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून लावायचं साधन). रिटेनर बऱ्याच ठिकाणी वेगळे असतात आणि नेमके तेच विचारायचे राहतात. हप्ते फायनान्स कंपनीमार्फत असतील तर ते कर्ज तुमच्या नावावर असतं. उपचार मध्येच थांबला तरी हप्ता आपोआप थांबत नाही. दवाखान्यालाच टप्प्याटप्प्यानं पैसे देण्याची सोय असेल तर ती आम्हाला जास्त बरी वाटते. आरोग्य विम्यात ब्रेसेस बहुधा येत नाहीत, त्या भरवशावर राहू नका.

खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे ऑर्थोडॉन्टिक्सचे, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याचे, विभाग आहेत. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतात, देखरेख अध्यापकांची असते. खर्च कमी, थांबणं जास्त. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, म्हणून नाव नोंदवतानाच विचारा, की केस कुणाकडे जाणार आणि तो विद्यार्थी कोणत्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाचा असेल तर मध्येच डॉक्टर बदलणार, आणि बदलताना तुमच्या वहीतल्या नोंदी नव्या डॉक्टरांच्या फार कामी येतात.

तेव्हा मात्र वाट बघू नका

ब्रॅकेटचा किंवा तारेचा तुकडा गिळला आणि मूल आरामात श्वास घेतंय, तर फोन करून सांगा. तुकडा लहान असेल तर तो बहुधा शौचावाटे जातो. पण खोकल्याची उबळ थांबत नाही, घरघर होतेय, श्वास लागतोय, तर दंतवैद्याकडे नाही, थेट रुग्णालयात. चेहऱ्याला सूज, ताप, तोंड उघडता न येणं, खेळताना मार लागून दात हलणं या गोष्टीही त्याच दिवशीच्या. कबड्डी, क्रिकेट, बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलांना माउथगार्ड हवाच, मात्र गरम पाण्यात मऊ करून दाबायचा साधा प्रकार ब्रेसेसवर बसत नाही, ब्रेसेससाठीचा वेगळा मिळतो.

तार निघाल्यावर

ज्या दिवशी तार निघते त्या दिवसापासून दात जुन्या जागी परतायला बघतात, आणि पहिले काही महिने जास्तच. रिटेनर सांगितल्याप्रमाणे लावायचा. तो हरवतो तो बहुतेक वेळा जेवणाच्या ताटाशेजारी: मूल टिश्यूत गुंडाळून ठेवतं, आवरताना कागद कचऱ्यात जातो. काढला की डबीत, असा नियम ठेवा आणि डबी भडक रंगाची घ्या. धुवायला साधं गार पाणी. उकळत्या पाण्यात टाकला की तो आकार सोडतो आणि मग बसतच नाही. रिटेनर ज्या साच्यावर बनवला तो प्लॅस्टरचा साचा किंवा स्कॅनची फाइल दवाखान्यातून मागून घ्या. रिटेनर हरवल्यावर चार-आठ दिवसांत गेलात आणि दात हलले नसतील, तर त्याच साच्यावर दुसरा बनवता येतो आणि नव्यानं माप घ्यायचा खर्च वाचतो. साचा वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर मुलाचं नाव आणि तारीख लिहून, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा.